मेश्राम सर आणि बाळूचं पत्र

मेश्राम सर लंडनजवळच्या स्लाऊच्या हाय स्ट्रीटवर लोकांच्या मागे मागे चालायचे. चोरून नाही, उघड. पुढचा माणूस डावा पाय ओढत असला की सरही डावा पाय ओढणार. पुढच्या बाईने खांद्यावरची पिशवी सावरली की सर नसलेली पिशवी सावरणार. एकदा एका धिप्पाड गोऱ्या माणसाच्या मागे असेच झुलत निघाले होते आणि तो गर्रकन वळला. मी पळून एका दुकानाच्या दारात शिरलो. सरांनी चाल मोडली नाही. तसेच झुलत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याला स्टेशनचा रस्ता विचारला. त्याने हात करून दाखवला. सर थँक यू म्हणून त्याच्याच चालीत स्टेशनकडे निघून गेले. अर्ध्या तासाने आम्ही नेहमी बसायचो त्या कॅफेत आले तेव्हाही तसेच झुलत होते.

"आता बसली," म्हणाले आणि खिशातली छोटी डायरी काढून त्यात काहीतरी टिपलं.

त्या डायरीत अर्धं स्लाऊ होतं. कोण कसं शिंकतं, बस चुकली की कोण कसं हसतं, खोटं बोलताना कोण कुठे खाजवतं. सर ते करून दाखवायचे आणि मी पोट धरून हसायचो. दुसऱ्याचं उचललेलं असलं की हसू फार येतं.

सर मूळचे नागपूरचे. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत तीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. रिटायर झाल्यावर त्यांनी एक उद्योग काढला. इटलीत जुन्या काळी मुखवटे घालून विनोदी नाटकं करायचे, ती स्लाऊच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये मराठी माणसांकडून करून घ्यायची. दर शनिवारी दुपारी दोन वाजता. आम्ही सहा-सात जण होतो. बाकीचे सगळे शिकलेले, लॅपटॉपवाले. आणि मी.

माझी ओळख सांगायला वेळ लागत नाही. पुण्यात टेम्पो चालवायचो. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेने. बायको नर्स, तिला इथल्या हॉस्पिटलने बोलावलं, तिच्याबरोबर मी डिपेंडंट म्हणून आलो. व्हिसावर सरकारने स्वतः तसं लिहून दिलंय. वेअरहाऊसला काम करतो. तिथे स्कॅनर असतो. नीट बीप वाजला की माल बरोबर, वेगळा वाजला की चूक. संगीताने मला पसंत केलं तेव्हा तिला बीप नीट ऐकू आला नसावा.

सरांची गाठ पडली ती आमच्या विहारातल्या पौर्णिमेच्या जेवणाला. मी खिरीचं पातेलं घेऊन येत होतो, फरशी ओली होती, पाय सटकला. पातेलं वाचवायच्या नादात मी सगळीकडून गोल फिरलो आणि शेवटी पातेलं मांडीत घेऊन खाली बसलो. थेंब सांडला नाही. लोक हसून हसून बेजार. एक उंच, बारीक, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तेवढे हसले नाहीत. जवळ आले आणि म्हणाले, "पुन्हा करून दाखव."

मी पुन्हा केलं. अर्धी खीर विहाराच्या कार्पेटवर.

"पहिल्यांदा खरा पडलास," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा खोटा. रोज खरं पडायला शिकवतो. शनिवारी ये."

मी गेलो. मला आयुष्यात कोणी काही शिकवतो म्हणालं नव्हतं.

सर शिकवायचे ते असं. आधी सांगायचे की हे नाटक चारशे वर्षांपेक्षा जुनं आहे. बाजाराच्या चौकात फळ्या टाकून स्टेज करायचे, बैलगाडीतून गावोगाव फिरायचे. इथे इंग्लंडात पोरं झगे घालून बायका व्हायची, तेव्हा तिकडे बायका स्वतः स्टेजवर उभ्या होत्या. कंजूष म्हातारा मालक, बडबड्या डॉक्टर, बढाया मारणारा कॅप्टन आणि कायम उपाशी नोकर. एकेक मुखवटा एकेका नटाचा, तो जन्मभर तोच करणार. आणि लिहिलेले संवाद नाहीतच. गोष्टीत काय काय होतं तेवढं एका कागदावर लिहून पडद्यामागे टाचायचं. नटाने जाता जाता त्यावर नजर टाकायची आणि बाहेर जाऊन मनाने बोलायचं.

"डॉक्टर सगळ्यात जास्त शिकलेला, आणि तोच सगळ्यात मूर्ख," सर म्हणायचे. "नोकराला अक्षर येत नाही, पण सगळं नाटक तोच ओढतो."

हे ते सहज बोलायचे. मला मात्र ते ऐकून घाम यायचा.

मुखवटे सर स्वतः करायचे, ब्रॅकनेलच्या घरी, गॅरेजमध्ये. लाकडात कोरलेला चेहरा, त्यावर ओलं कातडं ताणून बसवायचं आणि शिंगाच्या हातोडीने बारीक बारीक ठोकत राहायचं, दिवसचे दिवस. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला एका स्टुलावर बसवलं आणि ठोकता ठोकता सांगितलं.

"माझ्या आजोबांच्या वस्तीने मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. सगळ्यांनी मिळून शपथ घेतली, कातड्याला हात लावायचा नाही. वडिलांनी चामड्याची चप्पलसुद्धा घरात येऊ दिली नाही. मी शाळेत कॅनव्हासचे बूट घालून गेलो, पावसात, उन्हात. मग इटलीला फिरायला गेलो होतो, एका गल्लीत एक म्हातारा कातडं ठोकत बसला होता. बाहेर माणसं शांत उभी होती, त्याचं होईपर्यंत. त्याला मास्तर म्हणत होती. मी तिथे दोन तास उभा होतो. मिसेसला वाटलं, मला चक्कर आली."

मला गप्प बसता येत नाही. म्हणलं, "पण मग सर, शपथ मोडली की."

ते बराच वेळ ठोकत राहिले. "दुसऱ्याच्या हुकमाने करायचं नाही, अशी ती शपथ होती असं मी समजतो. वडील असते तर त्यांना पटलं नसतं."

त्याच दिवशी माझ्या तोंडावर प्लॅस्टर थापून त्यांनी माझा साचा घेतला. नाकात दोन स्ट्रॉ घालून मी अर्धा तास पडून होतो, आणि मला शिंक आली. स्ट्रॉ गॅरेजच्या दारापर्यंत गेले. महिन्याने माझा मुखवटा तयार झाला. काळपट तपकिरी, अरुंद कपाळ, लांब नाक, तोंड उघडं ठेवणारा अर्धा मुखवटा. उपाशी नोकराचा.

"फार काही बदलावं लागलं नाही," सर म्हणाले.

तो घातला की मी दुसराच व्हायचो. माझ्यावर आयुष्यभर लोक हसत आलेत, पण मुखवट्यात मी सांगेन तेव्हा हसायचे. हा फरक काय असतो, ते ज्याच्यावर फुकट हसलेत त्यालाच कळेल.

आता कागदाचं सांगतो. पहिला शो हॉललाच होता. सरांनी गोष्टीचा कागद पडद्यामागे टाचला, इंग्लिशमध्ये, कारण अर्ध्या लोकांना तेच सोपं. मला मराठी अक्षर लावून लावून वाचता येतं, इंग्लिशचं मात्र अक्षरसुद्धा नाही. सगळे वाचत होते तसा मीही कागदापुढे उभा राहिलो, मान हलवली, हं हं केलं, आणि काठी घेऊन बाहेर धावलो. बाहेर लग्न चाललं होतं. नवरीचं काम करणारी वैशाली माझ्याकडे बघतच राहिली. मी काठी फिरवून दोन-चार जणांना मारलं, आहेर म्हणून ती काठी नवरीला दिली आणि परत आलो. लोकांना वाटलं, असंच आहे.

सरांना तसं वाटलं नाही. शो झाल्यावर ते हॉलच्या किचनमध्ये कप धूत होते, मला म्हणाले, पुसायला ये. मी एक कप पुसला. त्यांनी नुसतं विचारलं, "बाळू, तुला वाचता येत नाही ना?"

मी सगळं ओकलो. इतकी वर्षं या देशात कसं चालवतो ते सगळं. चष्मा विसरलो म्हणतो, माझे डोळे घारीसारखे आहेत. उजेड कमी आहे म्हणतो. नंतर निवांत बघतो म्हणतो. आणि घरी रिया. माझी पोरगी, तेव्हा सहा वर्षांची, इथेच जन्मलेली, नुकतं वाचायला शिकलेली. शाळेची पत्रं आली की मी तिला म्हणायचो, तू वाच गं, तुझा आवाज छान आहे. ती खुर्चीवर उभी राहून टीव्हीवरच्या बातम्यांसारखं वाचायची. तिला वाटायचं, बाबाला माझा आवाज आवडतो. तो आवडतोच. पण त्यासाठी नव्हतं ते.

"संगीताला माहीत आहे, सर. रियाला नाही. तिला कळता कामा नये."

"इथून बाहेर जाणार नाही," सर म्हणाले. हसले नाहीत. एकच कप पुन्हा पुन्हा धूत राहिले.

पुढच्या शोला पडद्यामागे कागद होता, त्यावर अक्षरच नव्हतं. सगळी चित्रं. ताट, शिडी, काठी, धावणारे दोन पाय, अंगठी. सर म्हणाले, मला असं जास्त सोपं जातं. सगळ्यांना वाटलं, काय कलाकार माणूस. त्यानंतर पाच वर्षं आमचा प्रत्येक कागद चित्रांचा होता आणि कशासाठी ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं. मी त्या माणसासाठी ब्रॅकनेलपर्यंत रांगत गेलो असतो.

मग ईलिंगचा शो आला. मोठा हॉल, आपली माणसं भरगच्च, लहान पोरं खाली चटईवर. रिया आता अकरा वर्षांची. पहिल्या रांगेत तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन बसली होती. "माय डॅड इज द फनी वन," असं त्यांना सांगून आणलं होतं.

सर म्हातारा मालक, मी नोकर. माझ्या हातात ताट, मला भूक लागलेली, दर वेळी घास तोंडाशी नेला की मालक हाक मारतो. हसू छान येत होतं. मग कागदावर होतं, काठी. मी काठीची वाट बघत होतो. सरांनी कमरेच्या शेल्यातून एक कागद काढला.

"अरे गाढवा, पत्र आलंय. वाच."

हे चित्रात नव्हतं. पण आमच्यात नियम असा, की समोरच्याने दिलं ते नाही म्हणायचं नाही, घ्यायचं. मी घेतलं.

"मालक, चष्मा विसरलो."

"तुला चष्मा आहे कुठे?"

"तेच तर विसरलो."

हॉल फुटला. मी वाचलो असं मला वाटलं. सरांनी कागद पुन्हा माझ्या नाकासमोर धरला. "वाच."

"उजेड कमी आहे, मालक."

त्यांनी मला कानाला धरून लाइटच्या बरोबर खाली नेऊन उभं केलं. "वाच."

"मालक, पोटात काही नसलं की अक्षरं पळतात. नंतर निवांत बघतो."

"आत्ता."

मी डावीकडे सरकलो, ते डावीकडे. उजवीकडे, ते उजवीकडे. लोक टाळ्या वाजवत होते. मला दुसरं काही सुचेना. इतकी वर्षं जे करून जगलो तेवढंच माझ्याकडे होतं आणि ते संपत आलं होतं. वैशाली कोपऱ्यात मोलकरणीच्या कामात उभी होती. मी तिच्याकडे वळलो आणि तोंडातून आपोआप निघालं, "तू वाच गं, तुझा आवाज छान आहे."

त्या दिवशीचं सगळ्यात मोठं हसू ते. शिट्ट्या वाजल्या. मुखवट्याच्या भोकांतून थोडंसंच दिसतं, वळाल तेवढंच. मी समोर वळलो तर रिया दिसली. तोंड उघडंच होतं, हसायला उघडलेलं. हसू तेवढं त्यातून गेलं होतं.

मग सरांकडे बघितलं. अर्ध्या मुखवट्याखाली त्यांचं तोंड दिसत होतं. खूश होतं.

पडदा पडल्यावर मी त्यांना मागच्या पॅसेजमध्ये गाठलं. ते घाम पुसत होते.

"सर, हे काय केलंत?"

"मी काय केलं? तू केलंस. पाच वर्षांत आज पहिल्यांदा तू खरा पडलास."

"मी तुमच्याजवळ बोललो होतो."

"बोललास म्हणून मला माहीत होतं की तुझ्यात ते आहे."

"रिया समोर बसली होती."

"दिसली मला," सर म्हणाले. "ती होती म्हणून ते तसं झालं. नुसतं कुणासमोर झालं नसतं."

मला वाटलं होतं, म्हणतील की चुकलं, बोलण्याच्या ओघात निघून गेलं. मी माफ करायला तयार उभा होतो.

"तुझं नाव घेतलं का मी?" ते म्हणाले. "मुखवटा होता, बाळू."

"घरी मी ते मुखवटा न घालता म्हणतो, सर."

त्यांनी घाम पुसायचं फडकं नीट घडी करून खिशात ठेवलं. बाहेर कोणीतरी त्यांना फोटोला बोलावत होतं. ते गेले.

कारमध्ये संगीता चालवत होती, मी बाजूला, रिया मागे. मग रिया म्हणाली, "बाबा, तो लाईन तू घरी पण बोलतो ना."

"हो, घरूनच उचलली," मी म्हणलं आणि हसलो. माझ्या हसण्याला कारमध्ये कोणी जोड दिली नाही.

दोन आठवड्यांनी शाळेचं पत्र आलं. मी तिला काही म्हणलं नाही. ती खुर्चीवर चढली नाही. माझ्याशेजारी येऊन बसली, एकेका ओळीखाली बोट धरून, सावकाश, इंग्लिश वाचायचं आणि मग मराठीत सांगायचं, लहान पोराला सांगतात तसं. "बाबा, ट्रिपचा परमिशन आहे. इथे सही. कळला ना?" कळलं म्हणलं आणि सही केली. सही माझी झोकदार आहे. तिने सहीकडे बघितलं आणि माझी पाठ थोपटली. पोरीने बापाची पाठ थोपटली. त्यापेक्षा तिने तोंडावर विचारलं असतं, बाबा, मला का फसवलंस, तर बरं झालं असतं.

कोणी मान असलेला माणूस हॉलकडे पुन्हा फिरकला नसता. मी तर ईलिंगनंतरच्या पुढच्याच शनिवारी गेलो होतो. सर सगळ्यांदेखत नाही, पण किचनमध्ये काहीतरी बोलतील असं वाटत होतं. भिंतीवर नव्या शोचा कागद होता. ताट, शिडी, काठी, आणि मधे एक नवं चित्र. पाकीट. वर तिकीटसुद्धा काढलेलं, राणीच्या मुकुटासकट. मन लावून काढलं होतं.

"हे आता कायमचं," सर सगळ्यांना सांगत होते. "त्या जुन्या मंडळ्यांमध्ये पद्धत होती. एखादी करामत ज्याने पहिल्यांदा केली त्याचं नाव तिला द्यायचं. म्हणून याचं नाव, बाळूचं पत्र."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैशाली म्हणाली, "बाळूदादा, अमर झालास."

"सर, ते काढा," मी म्हणलं.

"काय झालं?"

"ते काढा."

"कागदावरून काढलं तरी लोक मागणार, बाळू."

"मी नाही करणार."

"मग दुसरा कोणी करेल," सर म्हणाले. रागाने नाही. शांतपणे, जसं कोणी सुट्टीवर गेलं की शिफ्ट बदलून लावतात तसं.

मी मुखवटा पिशवीत घातला आणि निघालो. बॉयलरच्या कपाटात आहे तो. कातडं तिथे कोरडं पडतं, सर बघतील तर ओरडतील.

त्यांनी फोन केला नाही. एकदाच व्हॉट्सॲपला मेसेज आला. हे लांबलचक, इंग्लिशमध्ये. तीस वर्षं ऑफिसात इंग्लिशच टाइप केलेलं, दुसरं बोटांना येत नसणार, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणतो. पण सगळ्या जगात मला इंग्लिश वाचता येत नाही हे ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याने मला इंग्लिशमध्ये लिहावं? फोन आपोआप मराठी करून देतो म्हणे, ते बटण मी दाबलं नाही. संगीता म्हणाली, "अहो, मी वाचते ना, द्या." मी दिला नाही. माफी असती तर मला पाझर फुटला असता. माफी नसती तर आणखी वाईट. डिलीट केला. ते बटण मला चित्रावरून कळतं.

सरांना शेवटचं बघितलं ते मागच्या थंडीत. विहाराच्या कार्यक्रमाला खुर्च्या कमी पडत होत्या, त्या कम्युनिटी हॉलच्या स्टोअरमधून आणायला मला पाठवलं. मी विसरलोच की शनिवार आहे आणि दोन वाजून गेलेत. स्टोअरची वाट हॉलच्या दारावरून जाते. दाराला काच आहे.

आत एक नवा तरुण माणूस नोकराचं काम करत होता, हातात कागद. सरांनी त्याला थांबवलं. काचेतून आवाज बारीक येत होता.

"नाही, असं नाही. बाळू कागद घ्यायच्या आधी हात पुसायचा. पँटला, दोन्ही बाजूंनी. जसं काही हाताला लागलेलं कागदाला लागेल."

आणि सरांनी करून दाखवलं. दोन्ही हात पँटला पुसले, हळू, मग कागद दोन बोटांनी धरला, कडेला. मी तसं करतो हे मला माहीत नव्हतं. संगीतालाही नसेल. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन माझ्या आईने बघितलं नसेल, आणि या माणसाने ते बघून बघून सगळं उचललं. आतले सगळे हसले. चांगलंच झालं होतं ते, खोटं कशाला बोलू.

सरांनी मान वर केली आणि मी काचेत दिसलो. बारीक झाले होते, मिशा उतरल्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि बोटांनी बोलावलं, ये.

मी त्यांना मनगट दाखवलं, उशीर होतोय, जायचंय, असं. मनगटावर घड्याळ नव्हतं. मी घड्याळ घालत नाही. ते सरांना दिसलं. त्यांचा हात तसाच वर राहिला आणि नजर माझ्या रिकाम्या मनगटावर आली, बारीक झाली. ती नजर मला माहीत आहे. दुसरा हात डायरीच्या खिशाकडे जायच्या आत मी तिथून निघालो.